मी वाचताना गाळलेला शब्द

प्रिझ्यूम हे इंग्रजी क्रियापद मी शाळेत कधी शिकले ते आठवत नाही. ते मला येत नव्हतं हे कधी कळलं, तो दिवस मात्र चांगला आठवतो.

देश स्वतंत्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते आणि रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गावचे पोस्टमास्तर. पोस्टाच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आई, अण्णा आणि मी. गावात इंग्रजी वाचणारी माणसं मोजकीच, आणि बायकांमध्ये मी एकटी. ही गोष्ट मी कुणाला बोलून दाखवत नसे, पण चालताना ती माझ्या चालण्यात दिसत असणार.

त्या दिवशी अण्णा कामासाठी अलिबागला गेले होते. शाळेला सुट्टी होती. दुपारी मी पोस्टाच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात कोळीवाड्यातून दोघी जणी आल्या. पुढे सासू, मागे सून, आणि सुनेच्या कडेवर चार वर्षांची मुलगी. सासूच्या हातात एक लांबट पाकीट होतं, वर टाइप केलेला पत्ता.

मी त्यांना ओळखत होते. म्हातारीला दोन मुलगे. धाकटा होडीवर मासेमारीला जायचा. थोरला मुंबईला जाऊन एका मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. वर्षा-दीड वर्षानं घरी यायचा, महिनाभर राहायचा आणि पुन्हा जायचा. त्याची पत्रं बोटीवरचा कुणीतरी मराठीत लिहून द्यायचा, आणि अण्णा ती या ओट्यावर बसून वाचून दाखवायचे. या खेपेला पाकीट इंग्रजी होतं.

"अण्णा न्हाय?" म्हातारीनं विचारलं.

"अलिबागला गेलेत. संध्याकाळच्या गाडीनं येतील."

"मंग तू वाच की बाय. येवढी शिकलीस."

इथं मी म्हणायला हवं होतं, की संध्याकाळी या. एवढं एकच वाक्य. मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि पाकीट फोडलं.

पत्र बोटीच्या कंपनीचं, चार ओळींचं होतं. कळवायला खेद होतो, अशी सुरुवात होती. मग मुलाचं नाव, बोटीचं नाव, एक तारीख. त्या तारखेपासून तो बोटीवरून 'मिसिंग' आहे. ते मला कळलं. शेवटचा शब्द 'ड्राउन्ड'. तोही कळला, आमच्या धड्यात एक बुडालेला मुलगा होता. या दोन शब्दांच्या मधे 'प्रिझ्यूम्ड' होतं. हा शब्द मी कुठंतरी पाहिला होता. अर्थ आठवेना. असल्या कचेरीच्या पत्रांत बरेच शब्द नुसते शोभेला असतात, तसाच हाही असेल असं मी धरून चालले. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला येत नाही असं म्हणायची लाज वाटली. तो शब्द मी गाळला.

"काय लिवलंय?" सुनेनं विचारलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बोलली.

"ते समुद्रात बुडाले," मी म्हटलं.

म्हातारी ओट्याच्या पायरीवर मटकन बसली. सून उभीच राहिली. तिनं मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, जणू वजन जड झालं होतं एवढंच. मग म्हातारीचा हंबरडा ऐकून आई आतून धावत आली, रस्त्यावरची माणसं जमली, आणि त्या दोघींना कोळीवाड्यात नेलं. पत्र माझ्याच हातात राहिलं.

तासाभरात बातमी गावभर झाली. त्याच दुपारी, खाडीच्या काठी, सुनेच्या बांगड्या फोडल्या आणि कुंकू पुसलं. मी गेले नाही. आई गेली होती. तिनं येऊन सांगितलं, सून एकदाही ओरडली नाही, मनगटाला काच लागून रक्त आलं तरी नाही.

दिवेलागणीच्या आधी अण्णा आले. त्यांना वाटेतच कळलं होतं. पायही न धुता त्यांनी पत्र मागितलं, चष्मा लावला, वाचलं. पुन्हा वाचलं.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"बुडाले म्हणून."

"आणि मधला शब्द?"

मी तांदळाचं सूप उचलून आत न्यायला निघाले.

"मधला शब्द कुठं गेला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फळीवरचा छोटा इंग्रजी-मराठी कोश काढून माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः हातपाय धुवायला गेले.

कोशात लिहिलं होतं, गृहीत धरणे. पुराव्यावाचून खरे मानणे. मी ते वाचलं आणि पत्राची ओळ पुन्हा लावून पाहिली. तो बेपत्ता आहे, आणि बुडाला असावा असं आम्ही धरून चालतो. कुणी त्याला बुडताना पाहिलेलं नव्हतं. प्रेत मिळालेलं नव्हतं. कंपनीनं एक समजूत करून घेतली होती, आणि मी ती समजूत खरी करून टाकली होती.

"आता काय करू?" मी विचारलं.

"सकाळी जा आणि सांग. तू वाचलंस, तूच सांगायला हवं," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "मी येतो बरोबर."

सकाळी आम्ही गेलो. घरात बायका बसल्या होत्या. सून कोपऱ्यात, मोकळ्या कपाळानं. कपाळावर कुंकवाच्या जागी जरा उजळ डाग होता. अण्णांनी दाराशीच चपला काढल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला लागले. काल माझी चूक झाली, पत्रात ते बुडाले असं नक्की लिहिलेलं नाही, बोटीवरून ते नाहीसे झाले, म्हणून बुडाले असावेत असं ते लोक मानतात. वाक्य संपता संपेना. मराठीत सांगताना ते आणखीनच पोकळ वाटत होतं.

म्हातारीनं मला हातानं थांबवलं. "येक सांग. माजा ल्योक मेला असं लिवलंय का?"

"नाही."

"जिता हाय असं लिवलंय?"

"नाही, तसंही नाही."

"मंग काय लिवलंय?"

"त्यांना ठाऊक नाही, असं," अण्णा म्हणाले.

"ठाव न्हाय तर लिवलं कशाला?" म्हातारीनं विचारलं.  आणि आमची वाट न पाहता ती उठली. तिनं कुंकवाचा करंडा काढला, सुनेच्या समोर बसली आणि अंगठ्यानं तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. कुणालातरी कासाराकडे पिटाळलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणी हसलं नाही, कुणी रडलंही नाही. कासार आला. त्याला काल काय झालं ते माहीत होतं, आज काय झालं ते माहीत नव्हतं. तो दारातच घुटमळला. म्हातारी ओरडली, "भर चुडा!" त्यानं बांगड्या भरल्या. मनगटावरची जखम ताजी होती, तिथून बांगडी सरकवताना सुनेनं डोळे मिटून घेतले.

आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. हळूच मला म्हणाली, "बाई, उद्या अजून काय वाचाल?"

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

अण्णांनी कंपनीला पत्र लिहिलं. त्याचा मसुदा त्यांनी तीनदा केला. महिन्यानं उत्तर आलं. बोट कोणत्या समुद्रात होती, कोणत्या दिवशी दुपारच्या हजेरीला तो होता आणि संध्याकाळच्या हजेरीला नव्हता, हे सगळं त्यात होतं. बोट मागे वळवून शोध घेतला हेही होतं. आणि शेवटी तेच क्रियापद. आम्ही एवढंच प्रिझ्यूम करू शकतो, की तो बुडाला. या वेळी वाचायला अण्णा बसले. त्यांनी एकही शब्द गाळला नाही, आणि ऐकणाऱ्यांना त्यातून काहीही मिळालं नाही.

पुढच्या वर्षी त्याच बोटीवरचा एक खलाशी रजेवर आला. तो नागावकडचा. म्हातारीला कळताच ती सुनेला आणि मला घेऊन त्याच्या घरी गेली. मला का नेलं ते मला कळलं नाही, कदाचित तो इंग्रजीत बोलेल असं तिला वाटलं असेल. त्यानं सुपारीच्या वाडीत खाट टाकली, आम्हाला बसवलं आणि सांगितलं ते असं. त्या दुपारी त्यानं थोरल्याला बोटीच्या मागच्या बाजूला धुतलेले कपडे वाळत घालताना पाहिलं. समुद्र शांत होता. संध्याकाळी जेवायला हाक मारली तर तो नव्हता. कपडे तिथंच होते, वाळलेले.

"पडला का रे?" म्हातारीनं विचारलं.

"पडला आसंल. कुणी बघितला न्हाय."

"जमीन जवळ व्हती?" म्हातारीनं पुन्हा विचारलं.

तो अडखळला. "लांब दिसत व्हती. डोंगराची रेघ."

"त्याला पोहता येत व्हतं," म्हातारी म्हणाली.

"व्हय. समद्यांनाच येतं." मग, बहुतेक म्हातारीची दया येऊन, तो म्हणाला, "कधी कधी मानसं उतरून जातात, आजी. परदेशात ऱ्हातात."

त्या एका वाक्यावर म्हातारी पुढची सगळी वर्षं जगली. मुलगा पोहत त्या डोंगराच्या रेघेपर्यंत गेला, तिथं उतरला, आणि आज ना उद्या परत येणार. कंपनीनं एक गोष्ट पुराव्यावाचून मानली, म्हातारीनं दुसरी. दोघांकडेही सारखाच पुरावा होता. परतीच्या वाटेवर सून मात्र एवढंच म्हणाली, "कपडे वाळले व्हते. म्हंजी कुनाला कळायच्या आदी बराच येळ गेला आसंल."

त्यानंतर दीडेक वर्षानं, थंडीच्या दिवसांत, मधल्या सुट्टीत सून शाळेत आली. अंगाला सुक्या बोंबलांचा वास होता, वाळवणावरून सरळ आली होती. मुलींसमोर बोलायला तयार होईना. आम्ही विहिरीपाशी गेलो.

"बाई, येक काम हाय. तुमच्याबिगर कुनाला सांगता येत न्हाय."

"सांग ना."

"तुमी पयल्यांदा वाचलंत, तेच खरं व्हतं असं माज्या सासूला सांगा."

मला कळलंच नाही. मग तिनं मान खाली घालून सांगितलं. थेरोंड्याचा एक तांडेल, स्वतःची होडी असलेला, बायको वारलेली, दोन लहान मुलं. त्यानं दिराच्या तोंडी निरोप पाठवला होता, की पाट लावायला तयार आहे, मुलीलाही सांभाळीन. कोळ्यांत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, त्यात कमीपणा नाही. पण ती विधवा नव्हती. सासू म्हणत होती, माझा मुलगा जिवंत आहे, जिवंत नवऱ्याच्या बायकोचा पाट कसा लागेल? पंचांनीही तेच सांगितलं, कागदात मेला असं लिहिलेलं नाही ना, मग थांब.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

तिनं विहिरीत डोकावून पाहिलं. "मी त्याला व्हय म्हनलं न्हाय. पन न्हाय म्हनायला बी मन घेत न्हाय. मानूस बरा हाय, बाई. पोरीशी बोलतो. आनि मी चोवीस वर्साची हाय."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मी म्हटलं, बघते.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते काहीतरी मार्ग काढतील. ते म्हणाले, "तुला काय वाटतं ते तू सांगू शकतेस. पण पत्रात जे नाही ते आहे असं सांगू नकोस. एकदा झालं तेवढं पुरे."

"अण्णा, तो मेलाच असणार. तुम्हालाही तसंच वाटतं ना?"

"वाटतं."

"मग?"

"मग काही नाही. मला वाटतं, कंपनीला वाटतं, तुला वाटतं. त्यानं तिच्या पाटाला काय फरक पडतो?"

तरी मी म्हातारीकडे गेले. ती दारात जाळं विणत होती. मी समोर बसले आणि जमेल तितकं गोड बोलून पाहिलं. म्हटलं, इतकी वर्षं झाली, एक ओळ नाही, मला वाटतं तो गेला. तिनं विणायची सुई थांबवली.

"तुला वाटतं, का कागदात हाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. कोळीवाड्यात ते पत्र वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलंही होतं. पण पहिल्या दुपारची माझी ती झटपट ओळ मला आठवली, आणि पुन्हा त्याच तोंडानं ते शब्द बाहेर पडेनात.

"मला वाटतं," मी म्हटलं.

"मंग तुज्या वाटन्यावर मी माजा ल्योक मारू?" असं म्हणून तिनं पुन्हा सुई चालवायला सुरुवात केली.

सुनेला मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी तीच वाटेत भेटली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." तांडेलानं नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहिली. मग मुरुडकडची बायको केली. हे तिनंच मला सांगितलं, दोरीवरचे बोंबील उलटे करता करता, जसं कुणाचंही लग्न सांगावं तसं.  मी तिला बोंबील उलटे करू लागले. तिनं माझ्या हातातून ते काढून घेतले, "तुमच्या हाताला वास लागंल."

पुढे माझं लग्न झालं आणि मी अलिबागला आले. तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. हेडमास्तरांच्या खोलीत एक जाडजूड इंग्रजी कोश होता, दोन हातांनी उचलावा लागे असा. एकदा मोकळ्या तासाला मी त्यात तो शब्द काढला. काढायची गरज नव्हती, अर्थ मला आता पाठ होता. पण त्या कोशात शब्दाचं कुळही दिलेलं होतं. मूळ लॅटिन. प्री म्हणजे आधी, सुमेरे म्हणजे घेणे. आधीच घेऊन टाकणे. पुरावा येण्याआधी, माणूस येण्याआधी, वेळ येण्याआधी. आपल्या गृहीत शब्दातही घेणंच आहे. संस्कृतात ग्रह् म्हणजे घेणे, आणि वर आपण ते धरतोही.

खाली दुसरे अर्थ होते. आपला अधिकार नसताना एखादी गोष्ट करायला धजणे. आगाऊपणा करणे. कुणाच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेणे, तेव्हा त्याला 'अपॉन' जोडायचं. उदाहरणादाखल सभ्य वाक्यं दिली होती, तुम्हाला सल्ला देण्याचा आगाऊपणा मी कसा करू, अशा धर्तीची. मी कोश मिटला. वर्गात हा शब्द आला की मी तो फळ्यावर लिहायची, सगळे अर्थ सांगायची, मुली उतरवून घ्यायच्या. त्यांच्या वह्यांत तो किती सोपा दिसायचा!

थोरला नाहीसा होऊन सात वर्षं उलटून गेली होती, तेव्हा सून एक दिवस अलिबागच्या माझ्या घरी आली. दिरानं वेगळं बिऱ्हाड केलं होतं. राहतं घर नवऱ्याच्या नावावर, आणि दीर म्हणत होता ते माझ्या नावावर करा. तलाठ्यानं तिला सांगितलं, तुझ्या नावावर करायचं तर नवऱ्याच्या मृत्यूचा कागद आण. तो कागद जगात कुठंच नव्हता.

मी तिला एका वकिलांकडे नेलं. पांढऱ्या मिशांचे, घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी दोन्ही पत्रं वाचली. "सोपं आहे," ते म्हणाले. "सात वर्षं ज्याची त्याच्या माणसांना काही खबर नाही, तो मेला असं कायदा प्रिझ्यूम करतो."

तिनं तो शब्द ओळखला. इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या त्या बाईनं तो इतक्या वेळा आमच्या तोंडून ऐकला होता, की ती चटकन माझ्याकडे वळली. "ह्यो तोच सबूद ना, बाई?"

"तोच."

"मंग तवा त्याचा अर्थ येगळा व्हता?"

"नाही. अर्थ तोच आहे."

"मंग तवा न्हाय चालला, आनि आता चालतो?"

वकील घड्याळाकडे बघत होते. मी म्हटलं, तेव्हा ते कंपनीचं मानणं होतं, आता कोर्ट मानणार. ती म्हणाली, "म्हंजी आता नक्की झालं?"

"कोर्टापुरतं नक्की," वकील म्हणाले.

चार-पाच तारखा झाल्या. एका तारखेला मला साक्षीला बोलावलं. पत्र वाचून त्याचा मराठी अर्थ सांगायला लावला. मी उभी राहिले आणि ओळ न् ओळ वाचली, त्या शब्दापाशी थांबले, त्याचा अर्थ सांगितला, पुढे गेले. दोन मिनिटांचं काम. न्यायाधीशांनी मान डोलावली. मी खाली उतरले. निकाल लागला. तो मृत मानण्यात आला. कारकुनानं नकलेच्या अर्जावर लिहिताना तिला विचारलं, "विधवा?" तिनं माझ्याकडे पाहिलं.  कारकुनानं आपलं आपणच लिहून टाकलं.

घर तिच्या नावावर झालं. पण म्हातारी अजून होती. तिला आता नीट दिसत नव्हतं, तरी दिवसातून एकदा ती सुनेचं मनगट चाचपून बघायची. निकालाच्या दिवशी सून घरी पोचली तेव्हा म्हातारीनं विचारलं, "काय झालं गं कोडतात?"

"तारीख पडली, आये," सून म्हणाली.

पुढची पाच वर्षं ती हेच सांगत राहिली. म्हातारी मधूनच विचारायची, लागला का गं निकाल, आणि ती म्हणायची, तारीख पडली. मी रेवदंड्याला अण्णांना भेटायला जायची तेव्हा एक-दोनदा माझ्यासमोरच हे झालं. म्हातारी माझ्याकडे तोंड करून म्हणायची, "बाय, कोडतवाले त्याची वाट बघत आसतील. आल्याबिगर निकाल कसा देतील?" आणि मी म्हणायची, "हो ना." कागदोपत्री विधवा असलेली ती बाई घरात चुडा भरून, कुंकू लावून वावरायची. सणाला शेजारणी तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या की नाही, हे त्या त्या घराच्या मनावर असायचं. कुणी बोलवायचं, कुणी नाही. बोलावलं तिथं ती जायची.

म्हातारी पावसाळ्याच्या अखेरीस गेली. शेवटचे दोन दिवस ती थोरल्याशी बोलत होती, तो उशाशी बसलाय असं समजून. बाराव्यानंतर सुनेनं स्वतःच्या हातानं बांगड्या उतरवून ठेवल्या. कुणी तिला सांगितलं नाही, कुणी तिथं नव्हतंही. तेव्हा ती पस्तीसेक वर्षांची असेल. थेरोंड्याच्या तांडेलाला तोवर नव्या बायकोपासूनही मुलं झाली होती.

तिची माझी शेवटची भेट अलिबागच्या एस.टी. स्टँडवर झाली, आणखी तीन-चार वर्षांनी. मुलीचं लग्न उरणला झालं होतं, ती तिकडे निघाली होती. बरोबर लहानगी नात. मला पाहून ती मनापासून हसली. नातीला म्हणाली, "ह्या आमच्या बाई. यांनी आमचा कागूद वाचला व्हता." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता.

मला तिची क्षमा मागायची होती. कितीतरी वर्षं मनात होतं. पण क्षमा कशाची मागायची, तेच मला ठरवता येत नव्हतं. चुकीचं वाचलं त्या दुपारची? की दुसऱ्या दिवशी जाऊन चूक दुरुस्त केली त्या सकाळची? मी गप्प राहिले असते तर कदाचित ती थेरोंड्याला नांदली असती. आणि मी म्हातारीला जाळ्यापाशी बसून खोटं सांगितलं असतं तर? यातलं कुठलं माझं पाप, कुठलं नाही, हे तिनं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

"बरी आहेस ना?" एवढंच मी विचारलं.

"बरी हाय की. तुमी वाळलात, बाई."

तेवढ्यात उरणची गाडी लागली. गर्दी झाली. ती नातीला पुढे घालून चढली, खिडकीपाशी जागा मिळाली. नात खिडकीत बसायला हट्ट करत होती, तिला उचलून मांडीवर घेण्यात तिचं सगळं लक्ष होतं. गाडी सुटली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी हात वर केला होता, तो तसाच खाली घेतला आणि भाजी घ्यायला बाजाराकडे वळले.